साहेब, जरा शेजारी बसून बघा

एप्रिल संपला की आंबे आणि अप्रेजलची पत्रं एकदमच येतात. या वेळी जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, की हाताखालचा माणूस नीट काम करत नाही, त्याला कोच कर असं वरून सांगितलंय, पण कोच करायचं म्हणजे नक्की करायचं काय ते कोणी सांगत नाही. पाच पत्रं घेतलीयत. काही ठिकाणी पत्रं मी कापलीत, रागावू नका, एकाने तर चार पानं लिहिली होती आणि त्यातली दोन पार्किंगबद्दल होती.

मालाडला एका बॅक ऑफिसमध्ये मी टीम लीडर आहे, अकरा जणांची टीम. एक मुलगा वागायला एकदम चांगला, विरारहून येतो तरी लेट नाही, पण एन्ट्रीमध्ये चुका, आठवड्याला वीस-बावीस. "लक्ष देऊन कर" असं दहा वेळा सांगून झालं, मेल केले, वन-ऑन-वन घेतलं, एकदा चिडून सगळ्यांसमोर बोललो पण. तो "हो सर" म्हणतो आणि परत तेच. अजून मी काय कोच करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण एक गोष्ट मला त्यात सापडत नव्हती आणि ती खरंच नाहीये. चुका कसल्या ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तारखेच्या का नावाच्या का रकमेच्या, सकाळच्या का संध्याकाळच्या, सगळ्या क्लायंटच्या का एकाच्याच? तुम्हाला फक्त आकडा माहितीय, वीस-बावीस. "लक्ष देऊन कर" ऐकून तो बिचारा करणार काय, त्याच्या मते तो लक्ष देतोच आहे की.

माझंच सांगते. १९८९ साली मी फोर्टमध्ये एका विमा ऑफिसात नवीन लागले होते, क्लेमच्या फाइलमधले आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचं काम, आणि माझ्याकडून खालच्या ओळीतला आकडा वर, वरचा खाली असं व्हायचं. रोज नाही, पण व्हायचं, आणि हेडक्लार्क बाई मला "वेंधळी" म्हणायच्या. मग एक दिवस आमचे साहेब आपला चहाचा कप घेऊन आले आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसले. म्हणाले, तू तुझं काम कर, मी नुसता बसतो. पहिली दहा मिनिटं माझे हात थरथरत होते. अर्ध्या तासाने त्यांनी एकच विचारलं, "फोन ठेवल्यावर तू परत कुठून सुरू करतेस?" मी विचार केला आणि मलाच हसू आलं, कारण डिपार्टमेंटचा फोन माझ्या टेबलावर होता, दर पाच-सात मिनिटांनी वाजायचा, आणि फोन ठेवून मी अंदाजाने जी ओळ दिसेल तिथून पुढे जायचे. साहेब उठले, स्वतःच्या ड्रॉवरमधली लाकडी फूटपट्टी आणली आणि माझ्या ओळीखाली ठेवली. फोन पण पलीकडच्या टेबलावर गेला, हेडक्लार्क बाईंच्या. (त्याचा आनंद मला वेगळाच झाला, खोटं कशाला बोलू.) चुका एकदम शून्य नाही झाल्या, पण वेंधळी म्हणणं बंद झालं.

तर तुम्ही एक तास काढा आणि त्या मुलाच्या शेजारी बसा. आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटेल नोकरी चालली. सांगताना "तुझ्या चुका बघायला येतोय" असं नका म्हणू, "हे काम तुझ्या स्क्रीनवर कसं दिसतं ते मला बघायचंय" असं म्हणा, आणि ते खरं पण असू द्या. बसल्यावर तोंड बंद, माऊसला हात लावायचा नाही. टीम लीडर लोकांना हे सगळ्यात कठीण जातं, दोन मिनिटांत "अरे असं नाही, दे इकडे" सुरू होतं आणि मग तो बघत बसतो आणि काम तुम्ही करता. नुसतं टिपून ठेवा. किती वेळा तो एका विंडोतून दुसरीत जातो, आकडा कॉपी करतो का डोक्यात धरून टाइप करतो, मध्ये काय-काय टपकतं. माझा अंदाज आहे, चुकीचा असेल तर मला कळवा, की टपकणाऱ्या गोष्टींमध्ये टीमच्या ग्रुपवरचे तुमचेच "अपडेट?" असे मेसेज निघतील.

मग मागच्या आठवड्यातल्या वीस चुका कागदावर काढा, दोघांनी मिळून, आणि त्यालाच ढीग लावू द्या, ह्या अशा, ह्या तशा. बहुतेक वेळा वीसच्या वीस वेगळ्या नसतात, दोन-तीन जातींच्या निघतात. त्यातली एकच जात या आठवड्याला घ्यायची. विचारायचं, "ही थांबवायला तू काय करशील?" आणि तो जे म्हणेल ते आधी करून बघायचं, तुमची आयडिया भारी असली तरी. स्वतः सुचवलेलं माणूस शुक्रवारपर्यंत तरी करतो, दुसऱ्याचं सुचवलेलं मंगळवारीच विसरतो. पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी त्याच वेळी दहा मिनिटं बसायचं, आणि तुमची क्लायंट मीटिंग आली तरी ही दहा मिनिटं हलवायची नाहीत.

आता ते सगळ्यांसमोर बोललात त्याबद्दल. क्लुगर आणि डिनिसी नावाच्या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून बघितले, सहाशेच्या वर निकाल होते. सरासरीने फीडबॅकचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम आणखी बिघडलं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे, लोक मला काय समजतात" यावर गेलं की उपयोग कमी होत जातो. अकरा जणांसमोर ओरडल्यावर तो मुलगा स्क्रीनकडे बघत नाहीये, तो तुमच्याकडे बघतोय. म्हणून आधी सॉरी म्हणा. जेवढ्यांच्या समोर बोललात तेवढ्यांच्या समोर, एका वाक्यात, आणि त्या वाक्यात "पण" नको.

मी ३१ वर्षांची, भांडुपला एका औषधांच्या गोडाऊनची इन्चार्ज. आमचे स्टोअरकीपर ५४ वर्षांचे, सगळे त्यांना मामा म्हणतात, मी पण. बारकोड स्कॅनर येऊन सहा महिने झाले पण मामा अजून वहीतच लिहितात आणि संध्याकाळी एका पोराकडून सिस्टममध्ये टाकून घेतात. स्टॉक मॅच होत नाही. मालक म्हणतात मामांना ट्रेन करा नाहीतर बदला. मी त्यांना कसं सांगू, माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.

आधी एक विचारते, मामांना जवळचा चष्मा आहे का? हसू नका. त्या हँडहेल्ड स्कॅनरचा स्क्रीन केवढा असतो, त्यात बॅच नंबर आणि एक्स्पायरी बारीक अक्षरात. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतंच, आणि पुरुष माणूस "मला दिसत नाही" म्हणण्यापेक्षा "मला तुमचं ते मशीन पटत नाही" म्हणेल. फॉन्ट मोठा होतो का बघा, रॅकजवळची ट्यूब बदलून घ्या, कोणाला कळू न देता त्यांच्या हातात एक डबा देऊन एक्स्पायरी वाचायला सांगा. इथेच सुटलं तर पुढचं वाचू नका.

नाही सुटलं तर ती वही बघायला मागा. जप्त करायला नाही, शिकायला. "मामा, मला तुमची वही वाचायला शिकवा." त्यात तुम्हाला अशा गोष्टी सापडतील ज्या सिस्टममध्ये नाहीत, कुठल्या रॅकला जुलैत ओल येते, कुठल्या केमिस्टचा माल परत येतो, कुठली कंपनी एकाच खोक्यात दोन बॅच घालते. मामांना वाटतंय की मशीन आलं म्हणजे हे सगळं पुसलं गेलं आणि आपण पण. हा समज खोटा आहे हे दाखवणं तुमच्या हातात आहे, त्यातल्या चार गोष्टी सिस्टमच्या रिमार्कमध्ये टाका आणि त्यांना दाखवा.

शिकवताना ते पोरगं शेजारी नको. कामाच्या वेळेत पण नको, ट्रक लागलेला असताना कोणी शिकत नाही. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं, रिकामे खोके घेऊन, खोट्या एन्ट्रीवर, जिथे चुकलं तरी काही होत नाही. आणि चुकल्यावर मागे कसं जायचं ते पहिल्याच दिवशी शिकवा, कारण या वयाच्या माणसाला मशीनची भीती नसते, "दाबलं आणि काहीतरी उडालं" याची असते. आठवडाभराने नवीन आलेल्या हेल्परला स्कॅनिंग मामांनीच दाखवायचं असं ठरवून टाका. दुसऱ्याला शिकवायचं म्हटल्यावर ते रात्री घरी पण विचार करतील.

मालकांना मात्र दोन महिने मागून घ्या, तोंडी नको, मेलवर. आणि मामा म्हणताय ते चालू ठेवा, फक्त काम सांगताना "जमलं तर करा हं मामा" असं लाडात सांगू नका. "मामा, सोमवारपासून आत येणारा माल स्कॅनरवरच घ्यायचा" एवढं सरळ सांगितलं तर त्यात अपमान काही नाही.

दादरला आमचं साड्यांचं दुकान आहे, तीन पिढ्या. सेल्सला सात मुली. हल्लीचे लोक म्हणतात स्टाफचं कौतुक करा, पण कौतुक केलं की डोक्यावर बसतात, लगेच पगार वाढवा म्हणतात. आमच्या वडिलांनी कधी कोणाला शाबास म्हटलं नाही. आचरेकर सरांनी तरी सचिनला कधी वेल प्लेड म्हटलं का?

दुकान दादरला म्हणजे शिवाजी पार्क हाकेच्या अंतरावर, तेव्हा आचरेकर सर निघणारच होते. तुमचं म्हणणं खरं आहे, १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिननेच सांगितलं की २९ वर्षांत सर मला एकदाही वेल प्लेड म्हणाले नाहीत, डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक खडूस साहेबाला पाठ आहे. पण त्याच भाषणातलं त्याच्या आधीचं कोणी सांगत नाही, की हेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मॅचहून दुसऱ्या मॅचला न्यायचे, शिवाजी पार्कहून आझाद मैदान, दिवसात दोन-दोन मॅच. आणि ते एक रुपयाचं नाणं? नेट्समध्ये स्टंपवर नाणं ठेवायचं, जो बोलर आउट करेल त्याचं, आणि शेवटपर्यंत आउट नाही झाला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत, आणि ती सगळ्यात मोलाची असं तो सांगतो.

आता बघा, नाणं म्हणजे कौतुकच की. फक्त ते तिथल्या तिथे होतं, कशासाठी मिळालं ते लहान पोराला पण कळत होतं, आणि त्यासाठी सर तिथे उभे असायचे. तुम्ही फक्त "वेल प्लेड म्हणायचं नाही" एवढं उचललंत आणि स्कूटर दुकानाबाहेर ठेवलीत.

"छान काम करतेस" हे कौतुक नाहीच, ते ऐकून मुलगी पगार मागणार नाहीतर काय, तिला कळतच नाही कशाबद्दल छान. त्यापेक्षा गिऱ्हाईक गेल्या-गेल्या, गादीवरच्या घड्या घालता-घालता सांगा, "त्या मावशी पैठणी बघून बिचकल्या तेव्हा तू किंमत सांगायच्या आधी पदर त्यांच्या खांद्यावर टाकलास, तिथे त्या बसल्या." बस. दुसऱ्या दिवशी ती परत तेच करेल आणि बाकीच्या सहा ऐकत असतातच. आणि चुकलं असेल तेही असंच, "तू चाळीस साड्या काढल्यास, त्यांना लग्नाला नेसायची आहे का द्यायची आहे ते विचारलंच नाहीस." तिसऱ्या पिढीचे आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, फक्त दिसलेलं बोलत नाही.

पगाराचं म्हणाल तर, विक्री वाढवल्यावर पगार मागणं याला डोक्यावर बसणं म्हणत नाहीत हो.

माझी पवईच्या एका फर्ममध्ये अकाउंट्सला पहिलीच नोकरी, पाच महिने झाले. आमचे सर लोणावळ्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले आणि तेव्हापासून काही विचारलं की उत्तरच देत नाहीत, "तुला काय वाटतं?", "तुला काय ऑप्शन्स दिसतात?" असं विचारतात. मागच्या महिन्यात १९ तारखेला रात्री आठ वाजता मी विचारलं की पार्टीचं बिल २बी मध्ये दिसत नाहीये, क्रेडिट घ्यायचं का, तर म्हणाले "तू हा निर्णय कसा घेशील?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

अरे देवा. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएसटीचा २बी, म्हणजे माल देणाऱ्या पार्ट्यांनी अपलोड केलेल्या बिलांची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला येतो आणि ३बी, म्हणजे महिन्याचं टॅक्सचं रिटर्न, २० तारखेला भरायचा असतो, म्हणजे १९ तारखेची रात्र ही कोणाच्याही व्यक्तिमत्त्व विकासाची वेळ नाही. आणि पार्टीने बिल अपलोड केलं नसेल, ते २बी मध्ये आलं नसेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे त्या बिलावर दिलेल्या टॅक्सची वजावट, त्या महिन्यात घेता येत नाही. हा नियम आहे. नियमात काय वाटायचंय?

तुमचे सर जे शिकून आले ते बहुतेक ग्रो मॉडेल असणार. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल, म्हणजे जायचंय कुठे, आत्ता आहोत कुठे, रस्ते कोणते, आणि यातलं नक्की काय करणार. जॉन व्हिटमोर या इंग्रज माणसाने ते जगभर पोचवलं, हे गृहस्थ आधी मोटार रेसिंग करायचे. मॉडेल चांगलं आहे, मी स्वतः वापरलंय, पण ज्याच्याकडे थोडंफार कसब आहे आणि तो अडकलाय अशा माणसासाठी. ज्याला अजून माहितीच नाही त्याला प्रश्न विचारून माहिती कशी येईल? हर्सी आणि ब्लँचर्ड या मॅनेजमेंटच्या दोन अभ्यासकांनी १९६९ मध्येच सांगून ठेवलंय की नवख्या माणसाला आधी नीट सांगा, दाखवा, मग तो तयार होत जाईल तसतसा हात सोडा. पोहायला शिकवणारा पहिल्या दिवशी खोल पाण्यात ढकलून "तुला काय ऑप्शन्स दिसतात" विचारत नाही.

सरांना सुधारायचं काम तुमचं नाही, पण प्रश्न कसा न्यायचा ते तुमच्या हातात आहे. दोन ढीग करा. नियमाचे प्रश्न मेलवर, उत्तर हो किंवा नाही येईल असे, "सर, बिल २बी मध्ये नाही, या महिन्यात क्रेडिट सोडतेय, पार्टीला आज मेल केलाय, बरोबर ना?" दुसरे ठरवायचे प्रश्न, म्हणजे ही पार्टी दर महिन्याला असंच करते, तर तिचं पेमेंट थांबवायचं का, ते १५ तारखेच्या आसपास सर निवांत असताना. तिथे त्यांना हवे तेवढे "तुला काय वाटतं" विचारू द्या, तिथे ते तुमच्या फायद्याचंच आहे. आणि एकदा स्पष्ट म्हणा, "सर, हे मी पहिल्यांदा करतेय, एकदा तुम्ही करून दाखवा, पुढच्या महिन्यात मी करते आणि तुम्ही बघा." लोणावळ्याहून आलेला माणूस याला नाही म्हणू शकत नाही.

मी अंधेरीला एका कंपनीत मॅनेजर. माझ्या टीममधल्या एकाला एचआरने ३० दिवसांच्या पीआयपीवर, म्हणजे काम सुधारायला दिलेल्या मुदतीवर, टाकलंय आणि मला दर आठवड्याला त्याचं कोचिंग घ्यायला सांगितलंय. पण साहेबांनी मला आधीच सांगितलंय की तो जाणारच आहे, हे फक्त कागदावर पाहिजे. त्याचं होम लोन चालू आहे, बायकोची नोकरी नाही. तो रोज नऊपर्यंत बसतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

याला कोचिंग म्हणू नका, निदान आपल्या दोघांत तरी. तो नऊपर्यंत बसतोय कारण त्याला वाटतंय पास व्हायचा चान्स आहे, आणि तुम्हाला माहितीय की नाही.

साहेबांकडे जा, बंद दाराआड, आणि एकच विचारा, "या ३० दिवसांत त्याने अमुक-अमुक केलं तर तो राहतो का?" हो म्हणाले तर ते अमुक-अमुक लिहून घ्या, आकड्यात, म्हणजे "ओनरशिप दाखवणे" असलं काही नको, किती केसेस, किती दिवसांत, कोण तपासणार. ते लिहून आलं तर मग खरंच शेजारी बसा, मालाडच्या पत्राला सांगितलं तसं. नाही म्हणाले तर त्यांना सांगा की मग तीस दिवसांचं हे नाटक नको, त्याला आत्ताच सांगू, नोटीसचा पगार, रिलीव्हिंग लेटर आणि दुसरीकडे इंटरव्ह्यूला जायला वेळ देऊ. साहेब चिडतील. चिडू द्या. आणि यातलं काहीच मान्य नाही झालं, तर दर आठवड्याच्या त्या कागदावर तुम्ही प्रत्यक्ष बघितलेलं तेवढंच लिहा, बरं केलेलं पण लिहा, कोणी सांगितलेली वाक्यं सही करून देऊ नका.

होम लोनचा विषय तुम्ही होऊन काढू नका, तुम्हाला ते माहितीय हेही कदाचित त्याला माहीत नसेल. उद्या सात वाजता त्याच्या टेबलाजवळ जा, "चल, निघ आता, मी पण निघतोय" म्हणा आणि स्टेशनपर्यंत बरोबर चाला.